स्लीव्हनंतर वजन परत आलं, आता दुसरं ऑपरेशन? नागपुरात सल्ला कसा घ्यावा

माझ्या टेलरभाऊंची एक पद्धत आहे. ब्लाउज शिवताना बाजूच्या शिलाईत दोन बोटं कापड जास्तीचं ठेवतात, पुढे लागलं तर सोडता यावं म्हणून. दिवाळीच्या आधी त्यांनी माझा ब्लाउज उलटा करून दाखवला. "मॅडम, आता सोडायला आत काहीच नाही राहिलं." वजनकाटा मी वर्षभर टाळला होता. टेलरला टाळता आलं नाही.

2017 मध्ये माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन उतरावं म्हणून पोटाचा मोठा भाग कापून टाकण्याचं, ऑपरेशन झालं तेव्हा वजन 118 किलो होतं. दीड वर्षात ते 76 झालं. त्या दिवाळीला काटा 97 दाखवत होता, आणि रात्री आडवं झालं की घशाशी आंबट पाणी यायचं. पुढे जवळजवळ वर्षभर मी नागपुरातल्या धंतोली-रामदासपेठेच्या दवाखान्यांच्या चकरा मारल्या, मुंबईची एक फेरी केली, तीन सर्जनांना भेटले. तिघांनी तीन वेगळी ऑपरेशनं सांगितली. मी शाळेत शिकवते, डॉक्टर नाही. सगळं उलट्या क्रमाने केलं, म्हणजे आधी सर्जन गाठला आणि कागद शेवटी शोधले. खाली तेच सुलट करून लिहिते.

आधी हिशेब मांडा

"वजन परत आलं हो डॉक्टर" एवढ्याने त्यांना काही कळत नाही. एका कागदावर चार आकडे लिहा: ऑपरेशनच्या दिवशीचं वजन, सगळ्यात कमी झालेलं वजन (किती महिन्यांनी तेही), आजचं वजन आणि उंची. मग बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 25 धरून आपल्या उंचीला किती वजन बसतं ते काढा. माझी उंची 158 सेंटिमीटर, त्या हिशेबाने 62 किलो. म्हणजे 118 पैकी 56 किलो जादाचे. त्यातले 42 उतरले होते, 75 टक्के. त्या दिवाळीला फक्त 21 उतरलेले उरले होते, 38 टक्के.

हा खटाटोप एवढ्यासाठी की पहिल्या दीड वर्षात जादा वजनाचं निम्मंही उतरलं नसेल, तर ती गोष्ट वेगळी; छान उतरून मग चढलं असेल, तर ती वेगळी. डॉक्टर दोन्हींची कारणं वेगवेगळ्या ठिकाणी शोधतात. आणि थोडं वजन बहुतेक सगळ्यांचंच परत येतं. पाच किलो वाढले म्हणून कुणी पुन्हा टेबलावर झोपू नये.

जुने कागद, आणि त्यातला एकच खरा महत्त्वाचा

डिस्चार्ज कार्ड सगळ्यांकडे असतं. त्यावर "लॅप स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी, रुग्णाची प्रकृती समाधानकारक" एवढंच. कामाची असते ती ऑपरेशन नोट. पोट केवढ्या जाडीच्या नळीवर कापलं, किती स्टेपलर वापरले, आत आणखी काय दिसलं, बायपास (पोटाची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात ते ऑपरेशन) असेल तर आतड्याचा कोणता भाग किती सेंटिमीटर बाजूला टाकला, हे सगळं तिच्यात असतं. दुसऱ्यांदा पोटात शिरणाऱ्या सर्जनला ही नोट म्हणजे घराचा नकाशा.

कागदपत्रं मागणं हा तुमचा हक्क आहे. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांनुसार भरती रुग्णाचे कागद 3 वर्षं जपून ठेवायचे असतात आणि रुग्णाने मागितले तर 72 तासांत द्यायचे असतात. साधा अर्ज लिहा, दोन प्रती काढा, एकीवर शिक्का घ्या. माझी गोची अशी झाली की 3 वर्षं कधीच उलटून गेली होती. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्ड रूमच्या माणसाने खिडकीतूनच हात हलवला, "जुनं सगळं गेलं रद्दीत." मी घरी येऊन रडले आणि यांना एकदम आठवलं की त्या वेळी क्लेम यांच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून झाला होता. त्या फाईलीत पूर्ण संच होता, ऑपरेशन नोटसकट. म्हणून सांगते, दवाखान्यात नाही मिळालं तर विमा कंपनीकडे, ऑफिसच्या एचआरकडे, जुन्या मेलमध्ये शोधा.

त्या नोटमध्ये खालून तिसऱ्या ओळीत लिहिलेलं होतं: लहान हायटस हर्निया दिसला. म्हणजे छातीच्या पडद्यातून पोटाचा वरचा भाग थोडा वर सरकलेला. दुरुस्त केल्याचा उल्लेख नाही. मला कुणी कधी सांगितलंही नव्हतं. सात वर्षं मी आंबट पाण्यावर गोळ्या खात होते आणि दोष तर्रीपोह्याला देत होते.

तुमची तक्रार नेमकी कोणती?

दुसऱ्या ऑपरेशनला लोक सरसकट "रिव्हिजन" म्हणतात, पण त्यात निरनिराळे आजार येतात. कुणाला पित्ताचा त्रास असतो, कुणाचं फक्त वजन वाढलेलं असतं, कुणाला जुन्या ऑपरेशनचीच बाधा झालेली असते. पोट वरून आवळणारा बँड बसवलेल्यांचा तो बँड सरकतो, नाहीतर पोटाच्या भिंतीत रुततो. तो बहुधा काढावाच लागतो. बायपासवाल्यांना जोडाच्या जागी अल्सर होतो, आणि त्यामागे बऱ्याचदा तंबाखू किंवा पेनकिलर असतात. मिनी बायपासनंतर (आतड्याला एकच जोड असलेला बायपास) काहींना पित्तरस वर येण्याचा त्रास होतो, काहींच्या अंगातलं प्रोटीन घटतं.

स्लीव्हवाल्यांच्या मुख्य तक्रारी दोन, वजन आणि छातीतली जळजळ. या ऑपरेशनमध्ये पोटाचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरतं ते केळ्याच्या आकाराची अरुंद नळी. आत दाब वाढतो आणि अॅसिडला वरची वाट सोपी पडते. म्हणून ज्याला जोराची जळजळ आहे, अन्ननलिकेला जखमा आहेत, त्याला साधारणपणे पूर्ण बायपास, म्हणजे रू-एन-वाय, सुचवतात. त्यात वर जेमतेम 30 मिलीची पिशवी राहते आणि अॅसिड वर यायला फारसं कारण उरत नाही. नुसतं वजन असेल तर पर्याय अधिक असतात, त्यात "काहीच कापू नका" हाही एक.

मी गेले त्या पहिल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत निकाल दिला होता: "पोट पसरलंय, परत लहान करून देऊ." दुर्बीण नाही, काही नाही. जळजळ असलेल्या बाईचं पोट आणखी अरुंद केलं तर जळजळीचं काय होईल, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. तुम्हाला सुचावा.

सात दिवसांची वही

सर्जनच्या आधी आहारतज्ज्ञाकडे जा. त्याहीआधी सात दिवस तोंडात गेलेलं सगळं लिहून काढा, चहासकट. मी लिहिलं आणि लाज वाटली. जेवण खरंच चिमुकलं होतं, अर्धी पोळी, वाटीभर वरण. पण शाळेत दोन वेळा साखरेचा चहा आणि त्यात बुडवून बिस्किटं, घरी आल्यावर बशीभर चिवडा, रात्री टीव्हीसमोर संत्रा बर्फीचा तुकडा, मग अजून एक. अरुंद पोटाची गंमत अशी की चावून खायचं अन्न, पनीर, अंडं, उसळ, चटकन पोट भरवतं, दोन घासांत हात थांबतो. बुडवलेलं बिस्किट, आइस्क्रीम, शेव हे मात्र विरघळत खाली घसरत जातं आणि पोटाला पत्ताच लागत नाही. पातळ आणि विरघळणारी कॅलरी कुठल्याच ऑपरेशनला दाद देत नाही.

आहारतज्ज्ञांनी दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रोटीन सांगितलं. माझं 30 सुद्धा होत नव्हतं. तीन महिने सुधारून बघा, म्हणाल्या. पाच किलो उतरले. जळजळ जिथल्या तिथे. पण त्या तीन महिन्यांमुळे पुढचा सर्जन माझ्याशी वेगळ्या सुरात बोलला, कारण माझ्याकडे पुरावा होता.

आणि एक आपल्याकडचं: खर्रा. विदर्भात हा विषय काढल्याशिवाय बायपासबद्दल लिहिणं खोटेपणा ठरेल. तंबाखू, सिगरेट, खर्रा, गुडाखू, काहीही चालू असेल तर ते बंद झाल्याशिवाय चांगला सर्जन बायपासला हात लावत नाही. डॉक्टरपासून लपवू नका. लपवून काय मिळवाल, अल्सर तर तुम्हालाच होणार.

तपासण्या

दुर्बिणीची तपासणी म्हणजे एंडोस्कोपी सगळ्यात आधी. शक्यतो अशा गॅस्ट्रोच्या डॉक्टरांकडून, ज्यांना सांगता येईल की "माझं स्लीव्ह झालंय, अन्ननलिकेच्या जखमांची ग्रेड, हर्निया आणि नळीचा आकार नीट लिहा." ग्रेड ए ते डी अशी असते, डी सगळ्यात वाईट. माझी सी निघाली. गरज वाटली तर तुकडा तपासायला पाठवतात, जंतूंची तपासणी करतात. मग औषध पिऊन काढायचे एक्स-रे, ज्यात पोटाचा आकार दिसतो, कुठे अडलंय का, कुठे फुगलंय का तेही. काही ठिकाणी सीटी स्कॅनवर पोट किती मिलीचं उरलंय ते मोजतात.

रक्तात बी 12, लोह आणि फेरिटिन, डी, कॅल्शियम, पॅराथायरॉइड, अल्ब्युमिन, थायरॉइड, तीन महिन्यांची साखर. चालू असलेल्या गोळ्यांची यादीही न्या. स्टेरॉइड, इन्सुलिन आणि मनाच्या आजारांवरच्या काही गोळ्या वजन वाढवतात. कधी कधी गोळी बदलली की बरंच काम होतं.

खर्चाची अडचण असेल तर सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलमधला गॅस्ट्रोचा विभाग आहे, मिहानमधलं एम्स आहे, मेडिकलची, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजची, सर्जरी ओपीडी आहे. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावं लागतं. पण तिथल्या डॉक्टरला तुमच्या ऑपरेशनमधून काही कमवायचं नसतं, म्हणून निदान एक मत तिथून घ्यावं असं माझं म्हणणं आहे.

इथे थोडं थांबून एक धोक्याची गोष्ट. वजनाचं कोणतंही ऑपरेशन झालेल्या माणसाला काही दिवस सतत उलट्या होत असतील, तर अंगातलं बी 1, म्हणजे थायमिन, संपू शकतं. अशा वेळी आपल्याकडे पहिलं काय करतात? कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ग्लुकोजची सलाईन लावतात. थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिन, मग ग्लुकोज. हे घरच्यांनाही सांगून ठेवा. आणि बायपास झालेल्याच्या पोटात वर्षांनंतरही अचानक मरणाची कळ आली, तर तिला गॅस समजून सोडा पिऊ नका. आतडं आत अडकलेलं असू शकतं. त्याच दिवशी सीटी आणि सर्जन.

इंजेक्शनं आली आहेत, विचारायला लाजू नका

वजन उतरवणारं मौन्जारो भारतात 2025 मध्ये आलं, सेमाग्लुटाइडही मिळतं. ऑपरेशननंतर परत आलेल्या वजनावर ही इंजेक्शनं काम करतात. पण थांबवली की बहुतेकांचं वजन परत येतं, मळमळ होते, आणि हर्नियावर त्यांचा काही उपाय नाही. फक्त वजनाची तक्रार असेल तर ऑपरेशनच्या आधी हा पर्याय एन्डोक्रायनॉलॉजिस्टशी (हार्मोन्सच्या डॉक्टरांशी) बोलून आधी पूर्ण तपासून बघावा. घेत असाल तर एंडोस्कोपीच्या किंवा भुलीच्या आधी सांगा, कारण पोट उशिरा रिकामं होतं.

आता सर्जन

सासूबाईंचं म्हणणं, "काऊन वं, अजून एकदा पोट चिरून घेतं का?" हा प्रश्न मी हसण्यावारी नेला, पण सर्जनला पहिला प्रश्न हाच विचारावा: ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? यावर जो शांतपणे दोन मिनिटं बोलतो, तो पुढे ऐकण्यासारखा.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव आणि नोंदणी तपासा. चिठ्ठीवर नंबर असतोच. एमएस किंवा डीएनबी सर्जरी हवीच. फेलोशिप लिहिलेली असेल तर कुठे आणि किती महिन्यांची ते विचारा, कारण दोन दिवसांच्या कोर्सचंही सर्टिफिकेट भिंतीवर झकास दिसतं. लठ्ठपणाच्या सर्जनांची देशातली संघटना म्हणजे ओसी (OSSI), जागतिक पातळीवर इफ्सो (IFSO). सभासदत्व असणं चांगलं, पण तेवढ्यावर जाऊ नका.

खरा प्रश्न: "तुम्ही एकूण किती केलीत" हा नाही, "रिव्हिजन किती केलीत, आणि माझ्यासारखी, स्लीव्हवरून बायपास, किती?" दुसऱ्या वेळी आत सगळं चिकटलेलं असतं, रक्तपुरवठा बदललेला असतो. जोडातून गळती होण्याचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त आणि उतरणारं वजन साधारणपणे पहिल्या वेळेपेक्षा कमी. हे दोन्ही जो स्वतःहून सांगत नाही, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका. पुढे विचारा: तुमच्या पेशंटना गळती झाली तेव्हा काय केलंत? "आमच्याकडे होतच नाही" हे उत्तर मिळालं तर चहा पिऊन निघा. मुंबईच्या डॉक्टरांनी मला एका पेशंटची गोष्ट सांगितली, सहा आठवडे भरती होती ती, दोनदा परत टेबलावर गेली. सांगताना त्यांनी पेन खाली ठेवलं होतं. माझा विश्वास तिथे बसला.

बाकी विचारायचं ते असं. रात्री दोन वाजता ताप आला तर फोन कोण उचलणार? आयसीयू त्याच इमारतीत आहे का? दुर्बिणीने गळती बंद करणारा डॉक्टर आणि सुईने पू काढणारा रेडिओलॉजिस्ट इथेच आहे की बाहेरून येतो? ऑपरेशन प्रत्यक्ष तुम्हीच करणार ना? वर्षभराच्या फॉलोअपला आहारतज्ज्ञ कोण?

मंगल कार्यालयातलं मोफत शिबिर, आधी-नंतरचे फोटो, "रविवारपर्यंत टोकन भरलं तर सूट", हप्त्यांची सोय करून देणारी गोड आवाजाची मुलगी, या सगळ्यांना दुरून नमस्कार. फॅमिली डॉक्टर एकाच नावावर अडून बसले तरी दुसरं मत घ्या. कट प्रॅक्टिस हा शब्द नागपुरात कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

नागपूर की मुंबई?

माझे दुसरे सर्जन नागपूरचे, त्यांनी मिनी बायपास सांगितला. मुंबईच्यांनी हर्निया दुरुस्त करून पूर्ण बायपास. मी मुंबईचं मत घेऊन परत दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले आणि सी ग्रेडचा रिपोर्ट समोर ठेवला. त्यांनी ऑपरेशन नोटमधली ती खालून तिसरी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "ही मला आधी दाखवली असती तर मीही हेच म्हटलं असतं." चूक माझीच होती, नोट मला त्यांच्या भेटीनंतर मिळाली होती. करायचं त्यांच्याकडेच ठरलं, कारण रिव्हिजनच्या अनुभवाचा आकडा त्यांनी लिहून दिला, आणि त्रास झाला तर दवाखाना घरापासून वीस मिनिटांवर. समृद्धी महामार्ग झाला तरी मुंबई 701 किलोमीटर दूरच आहे. गळतीची लक्षणं, म्हणजे ताप, नाडी 120 च्या वर, खांद्यात कळ, धाप, ही बहुधा पहिल्या काही दिवसांत दिसतात, आणि तेव्हा रेल्वेच्या बर्थवर असणं परवडत नाही. मुंबई-पुण्याला करायचंच असेल तर तिथे निदान पंधरा दिवस राहण्याची सोय करूनच जा.

महिन्याचंही बघा. आम्हा शिक्षकांना मोठी सुट्टी मे महिन्यात, म्हणून मी मे धरून बसले होते. आहारतज्ज्ञ म्हणाल्या, 45 डिग्रीत एका वेळी दोन घोट पाणी जाणार तुमचं, लघवी बंद होऊन परत अॅडमिट व्हाल. खरंय. या ऑपरेशननंतर माणसं परत भरती होतात त्यात अंगातलं पाणी कमी होणं हे एक नेहमीचं कारण. मी दिवाळीच्या सुट्टीला रजा जोडली.

पैसे आणि विमा

पॅकेजमध्ये काय नाही ते लिहून घ्या. स्टेपलरची काडतुसं दुसऱ्या वेळी जास्त लागू शकतात, आयसीयूचे दिवस वाढू शकतात, परत टेबलावर न्यावं लागलं तर बिल वेगळं की त्यातच?

विम्याची नियामक संस्था आयआरडीएआयच्या 2019 च्या ठरलेल्या शब्दांनुसार लठ्ठपणाच्या ऑपरेशनसाठी वय 18 पूर्ण, बीएमआय 40 किंवा त्याहून जास्त, नाहीतर 35 आणि सोबत ताब्यात नसलेला मधुमेह, हृदयविकार, झोपेत श्वास अडकण्याचा जोरदार त्रास यांपैकी काही, आणि साधे उपाय करून झालेले, अशा अटी असतात. आहार सुधारलेल्या त्या तीन महिन्यांचा पुरावा इथे दुसऱ्यांदा कामी येतो. आधीची मंजुरी घेतल्याशिवाय तारीख घेऊ नका. मंजुरीच्या पत्रात खरं कारण सविस्तर यायला हवं. माझ्या वेळी "वजनवाढ" एवढंच लिहून गेलं तेव्हा नकार आला, एंडोस्कोपीचा रिपोर्ट आणि हर्निया जोडल्यावर मंजूर झालं.

पर्समधलं कार्ड

ऑपरेशननंतर बी 12, लोह, कॅल्शियम सायट्रेट, डी आणि मल्टीव्हिटॅमिन आयुष्यभर, रक्ततपासणी निदान वर्षाला एकदा. हे बहुतेक लोक दुसऱ्या वर्षी सोडतात, मीही पहिल्या वेळी सोडलं होतं. लग्न झालेल्या तरुण बायकांनी ऑपरेशननंतर निदान वर्ष-दीड वर्ष दिवस राहू देऊ नयेत.

आणि एक कार्ड करून घ्या. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर टाइप करून झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेट करून घेतलं, मेट्रोच्या कार्डामागे ठेवते. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत: बायपास झालेला आहे, तारीख, सर्जनचा फोन. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन द्यायचं नाही. नाकातून नळी अंदाजाने आत ढकलायची नाही. उलट्या असतील तर ग्लुकोजच्या आधी थायमिन. एक प्रत यांच्या पाकिटात आहे, एक सासूबाईंच्या पानाच्या डब्यात.